हिरवे चौकोन

माझ्या वहिनीला आमच्या गल्लीत सगळे ‘थांबाताई’ म्हणतात. हे नाव शोधायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. कॉम्प्युटर बिघडला की माणूस घाबराघुबरा होऊन दुकानात शिरतो, काय काय झालं ते एका दमात सांगतो आणि विचारतो, “काय गेलं असेल हो?” वहिनी मान वर न करता म्हणते, “थांबा, बघू.” दुसऱ्या दिवशी विचारा, तेच उत्तर. बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ही बाई त्याचं नाव घेत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग मशीनसमोर बसून राहायचं, ते पुन्हा बिघडेपर्यंत. दुसरे दुकानदार तेवढ्या वेळात चार पार्ट बदलून मोकळे होतात. वहिनी बसलेली असते.

दुकानाचा पुढचा अर्धा भाग माझा, झेरॉक्स आणि लॅमिनेशनचा. मागचा तिचा. तो आधी दादाचा होता, म्हणजे माझ्या भावाचा. दादा लोकांच्या कॉम्प्युटरची कॅबिनेटं डाव्या खांद्यावर टाकून घरोघर फिरायचा, त्यामुळे त्याचा डावा खांदा कायमचा खाली आला होता. मोकळ्या हाताने चालतानाही काहीतरी उचलल्यासारखाच चालायचा. लग्नानंतर वहिनी दुपारी त्याचा डबा घेऊन यायची, तो जेवेपर्यंत बसायची आणि बसल्या बसल्या शिकत गेली. मग एक दिवस दादा जिना चढता चढता खाली बसला तो उठलाच नाही. दुकान बंद होणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण थोड्याच दिवसांत वहिनीने येऊन शटर वर केलं आणि त्याच्या स्टुलावर बसली. आमच्यासमोर ती कधी रडली नाही. दादाचं नावही तिच्या तोंडून येत नाही. आई म्हणायची, दगड आहे दगड. मी काही बोलत नसे, पण मनात मलाही तसंच वाटायचं.

एरवी मी गप्प बसणारी नाही. लहानपणीच दादाने माझं नाव ‘टकळी’ ठेवलं आणि वहिनीनेही ते पुढे चालवलं. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं असलं की ती मला बरोबर नेते. स्क्रू ड्रायव्हर तिच्याकडे, बोलायचं खातं माझ्याकडे.

तर काका आले ते असेच एका सकाळी. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत. आमच्या मागच्या रस्त्यावरच्या बैठ्या घरात नवरा-बायको दोघंच राहतात. मुलगी परगावी नोकरीला गेली आणि तिथे तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत गेली, हे आम्ही ऐकून होतो. काका उभ्या उभ्याच बोलले.

“कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपके येतात, चौकोन येतात. बिघाड आहे हे मला कळतं. पण माझ्या मिसेसला त्यात मुलगी दिसते.”

मी झेरॉक्सचं झाकण तसंच उघडं धरून राहिले.

“रविवारी मिसेसचा भाऊ येतोय तिला न्यायला,” काका म्हणाले. “तिकडे डॉक्टरांना दाखवणार, मग ती तिकडेच राहील. त्याच्या मते या घरात तिचं डोकं ताळ्यावर यायचं नाही. त्याआधी तुम्ही तिला समोर बसवून दाखवा, की हा मशीनचा दोष आहे. तिला पटलं तर ती इथेच राहील. माझं ती ऐकत नाही.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज चिरकला. लगेच त्यांनी घसा साफ केला, जणू दोष घशाचाच होता.

“थांबा, बघू,” वहिनी म्हणाली. “येते दुपारी.”

घर झाडूनपुसून लख्ख. पण भिंतीवर एकही फोटो नाही. दिवाणखान्यात एका जागी रंगाचा चौकोन आजूबाजूपेक्षा उजळ होता, तिथे पूर्वी काहीतरी टांगलेलं असणार. नंतर कळलं, मुलगी गेल्यावर काकांनीच सगळे फोटो ट्रंकेत घालून कुलूप लावलं होतं. घरात रडारड नको, असा त्यांचा हुकूम. त्या दोघांमध्ये मुलीचं नाव निघत नव्हतं. खिडकीशी टेबल, टेबलाखाली कॅबिनेट, आणि दुपारचं ऊन थेट त्या कॅबिनेटच्या अंगावर. मागची जाळी धुळीने बुजलेली. वहिनीने वाकून कान लावला.

“पंखा अडखळतोय,” ती म्हणाली. एवढंच.

काकू बाहेर आल्या. बारीक चणीच्या, पदर खांद्यावर घट्ट घेतलेल्या. वेड लागलेलं माणूस कसं दिसतं असं मला कुणी विचारलं असतं, तर मी यांच्याकडे बोट दाखवलं नसतं. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. रोज दुपारी जेवण आटपलं की त्या पत्त्यांचा खेळ लावायच्या, मुलीनेच शिकवलेला. काका त्या वेळी बाहेर फिरायला जायचे. त्या दिवशीही चपला घालायला दारात गेले, पण आम्ही होतो म्हणून तिथेच रेंगाळले.

बराच वेळ काही झालं नाही. राजावर राणी, राणीवर गुलाम. मी जांभई दाबली. आणि मग पडदा एकदम थरथरला. वरून खाली रेघा आल्या, पत्ते फुटले, चौकोन चौकोन झाले. त्यातले काही नुसतेच गुलाबी नि पांढरे. पण काहींमध्ये काहीतरी होतं. एका चौकोनात कानाची पाळी होती आणि तिच्यात एक बारीक चमकता खडा. खाली एका कोपऱ्यात हसताना दिसतात तसे दोन दात. आणि सगळीकडे विखुरलेले हिरवे तुकडे, लोकरीची वीण स्पष्ट दिसेल असे.

“आली,” काकू हळूच म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू, मी वहिनीचा हात धरला. भर दुपार, खिडकीतून ऊन येतंय, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवतंय, आणि समोर एका मेलेल्या मुलीचा कान.

वहिनीने माझा हात सोडवला आणि मॉनिटरच्या कडेचं बटण दाबलं. उजेड कमीजास्त करायची चौकट पडद्यावर आली. मागचं चित्र फुटलेलं, पण ती चौकट स्वच्छ.

“मॉनिटर चांगला आहे,” ती म्हणाली. “दुखणं आत आहे.”

“कान तिचाच आहे,” काकू म्हणाल्या. त्यांचं वहिनीच्या दुखण्याकडे लक्ष नव्हतं. “एक गोष्ट मात्र मला कळत नाही बघ. तिच्याकडे हिरवा स्वेटर कधी नव्हताच. हिरवा रंग मी घेऊ द्यायचे नाही, तिला तो शोभायचा नाही. पण येते तेव्हा हिरव्यातच येते.”

दारात चपलांचा आवाज थांबला. मी मागे पाहिलं. काका एका पायात चप्पल घालून भिंतीला धरून उभे होते. दुसऱ्याच क्षणी ते निघून गेले. मला वाटलं, बायकोचं हे बोलणं त्यांना ऐकवत नसेल.

वहिनीने कॅबिनेट दुकानात आणलं आणि तिचं सुरू झालं. आधी रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले. मशीन लावलं, बसून राहिली. दुपारपर्यंत चौकोन आले. मग पॉवर सप्लाय बदलला. पुन्हा चौकोन. मग ग्राफिक्स कार्ड बाहेर काढलं, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करून पाठवणारा पार्ट. मॉनिटरची केबल मशीनच्या मूळ जोडणीला लावली, तिच्यावर कार्डाशिवायही साधं चित्र येतं. दिवस कलला तरी पडदा काचेसारखा स्वच्छ. कार्ड परत बसवलं, तर तासाभरात रेघा हजर.

“झालं की,” मी म्हटलं. “कार्ड गेलंय. सांगून टाकू.”

“थांब. मुलगी आली नाही.”

“काय?”

“चौकोन सारखे येतायत. पण कान नाही, हिरवं नाही. बघ ना.”

मी नाखुशीनेच मागे जाऊन तिच्या खांद्यावरून पाहिलं. खरंच, चौकोनांत मुलगी नव्हती. पण भलतंच काही होतं. पिवळ्या भिंतीचे तुकडे होते, निळ्या बादलीची कडी होती, लाल चादरीची किनार होती. हा वहिनीचा नेहमीचा फोटो. कुठल्याही पडद्याचे रंग तपासायला ती तोच उघडते. जगात इतके फोटो असताना बादलीचाच कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. सगळे रंग आहेत त्यात, एवढंच म्हणाली होती.

“हा तर तू मघाशीच बंद केला होतास,” मी म्हटलं. “आणि हे काय? हे काळं?”

एका चौकोनात एक काळपट, गोलसर आकार होता. खांदा असावा तसा.

“भिंतीवर सावली आहे, तीच,” वहिनी म्हणाली आणि मशीनचं बटण जरा घाईनेच दाबून टाकलं. पडदा काळा झाला.

मग ती कितीतरी वेळ हातावर हात ठेवून बसली. तिचं बसणं मला नवीन नाही, पण हे बसणं वेगळं होतं. शेवटी माझ्याकडे न बघताच म्हणाली, “टकळे, कार्डाला स्वतःची एक पाटी असते. जे दाखवायचं ते कार्ड आधी त्या पाटीवर काढतं. आपण फोटो बंद केला तरी पाटी कुणी पुसत नाही, नवीन काही येईपर्यंत जुनं तसंच राहतं. चांगलं कार्ड ते दाखवत नाही. हे आजारी आहे, कुठलाही कोपरा उचलून दाखवतंय. पण वीज तोडली की पाटी कोरी.”

“मग?”

“मग त्यांच्या घरी जे दिसतं, ते त्याच दिवशी कुणीतरी उघडलेलं असतं.”

त्या घरात माणसं दोनच.

शुक्रवारी कॅबिनेट परत नेलं. काकू दारातच होत्या. वहिनीने जोडणी केली आणि कार्डात काहीही दुरुस्ती न करता मशीन तसंच सुरू केलं. काकूंनी पत्ते मांडले. ऊन खिडकीवर आलं, पडदा थरथरला, रेघा आल्या, चौकोन आले. नुसते गुलाबी, नुसते पांढरे, आणि पत्त्यांचेच तुकडे. बदामाच्या राजाची दाढी तेवढी चार ठिकाणी.

काकू पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचं नाक टेकलं असतं. वरपासून खालपर्यंत बोटाने चौकोन चाचपले. मग वहिनीकडे वळल्या.

“तुम्ही तिला तिकडेच ठेवून आलात का गं?”

काकू रडत नव्हत्या, नुसत्या विचारत होत्या, विसरलेली छत्री विचारावी तशा.

“काकू, हे मशीन सकाळी कोण लावतं?” वहिनीने विचारलं.

“हे लावतात. उजाडता उजाडता उठतात आणि बातम्या वाचतात. मग दिवसभर चालूच ठेवतात. सारखं बंद-चालू केलं की बिघडतं म्हणतात. रात्री स्वतःच बंद करतात.”

“बरं,” वहिनी म्हणाली. “उद्या येईल ती. उद्या आम्हीही येतो. काकांना दुपारी घरीच थांबायला सांगा.”

बाहेर पडल्याबरोबर मी तिच्यावर उखडले. “डोकं फिरलंय का तुझं? मेलेली मुलगी उद्या येईल म्हणून सांगतेस? परवा काकूंचा भाऊ येतोय. कार्ड बदलून टाक, चौकोन बंद होतील, विषय मिटेल!”

“चौकोन बंद होतील,” वहिनी म्हणाली, “आणि काकूंना वाटेल, मुलगी यायची थांबली. आणि सगळ्यांना वाटेल, ही वेडीच होती.”

“मग काकांना गाठून सांग सरळ.”

“थांब.”

“किती थांबायचं?”

ती पुढे चालायला लागली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. डोळा लागला की हिरवे तुकडे दिसायचे. पाटीचं सगळं गणित कळलेलं असूनही मला भीती वाटत होती. उद्या ती आली तर भीती, आणि नाही आली तर त्याहून जास्त.

शनिवारी चौघं त्या टेबलासमोर बसलो. काका खुर्चीच्या अगदी कडेवर, गुडघ्यांवर मुठी ठेवून. काकूंनी पत्ते लावले. खेळ चालू राहिला, ऊन सरकत सरकत कॅबिनेटवर आलं, आत पंखा कण्हू लागला.

पडदा थरथरला. पत्ते फुटले. आणि ती आली. कान, खडा, दोन दात, कपाळावरची एक बट, आणि हिरवा, हिरवा, हिरवा.

“आली बघा,” काकूंचा चेहरा उजळला. “तुम्हाला दिसतंय ना? आज तरी दिसतंय ना?”

काका पडद्याकडे बघत होते. त्यांनी हे चौकोन आजवर कधी बसून पाहिलेच नव्हते हे मला तेव्हा कळलं.

वहिनी उठून काकांच्या शेजारी जमिनीवर बसली. अगदी साध्या आवाजात म्हणाली, “काका, काकूंना जे दिसतं ते खरंच तिथे आहे. कार्ड खराब झालंय, पण ते स्वतःच्या मनाचं काही काढू शकत नाही. आज सकाळपासून त्याच्यापुढे जे उघडलं, तेच ते दाखवतंय.” मग जरा थांबून म्हणाली, “आम्ही अंगणात बसतो. सावकाश सांगा त्यांना.”

ती उठली. मी मात्र तिथेच बसून राहिले. त्यामुळे पुढचं मी ऐकलं, आणि ऐकलं ते बरंच झालं असं मला आजही वाटतं.

“मी बघतो,” काका म्हणाले. “रोज. तू उठायच्या आधी.”

काकू माऊस सोडून त्यांच्याकडे वळल्या.

“पहिल्या पगारातून घेतला होता तिनं. हिरवा. आई ओरडेल म्हणून फोटो मला एकट्याला पाठवला. म्हणाली, बाबा, आईला सांगू नका हं. मी घरी येईन तेव्हा मीच अंगात घालून दाखवीन.” त्यांनी मुठी उघडल्या नि पुन्हा मिटल्या. “तिला शब्द दिला होता मी. मग ती आलीच नाही. आता कोणत्या तोंडानं तुला दाखवू? आणि तू सांगायचीस हिरवा स्वेटर, हिरवा स्वेटर. मला वाटायचं माझंच डोकं फिरतंय. मी तुला वेडी म्हणू दिलं गं लोकांना.”

त्यांनी पुढे वाकून माऊस हातात घेतला. बाण पडद्यावर भरकटत राहिला. मग कुठल्या तरी फोल्डरात दडवलेला एक फोटो उघडला. फुटक्या पडद्यावर, रेघांच्या मागे, एक मुलगी एका खोलीच्या दारात उभी होती. मोठा, ढगळ, हिरवागार स्वेटर. दोन्ही हात पसरून हसत होती.

काकूंनी खूप वेळ पाहिलं. मग फोटोतल्या बाहीवरून बोट फिरवलं.

“शोभतोय की,” त्या म्हणाल्या. आणि मग, काकांकडे न बघता, “तिनं शब्द पाळला. आली आणि दाखवून गेली.”

काका ओंजळीत तोंड लपवून रडायला लागले. एवढा मोठा माणूस असा हुंदके देऊन रडताना मी पहिल्यांदाच पाहिला. काकूंनी त्यांचं डोकं स्वतःच्या कुशीत घेतलं. मी चोरासारखी बाहेर आले.

रविवारी भाऊ आला. ट्रंक उघडलेली, फोटो भिंतीवर परत, नवरा-बायको एकमेकांना मध्येच थांबवत मुलीबद्दल बोलतायत, हे बघून तो जेवून परत गेला. कार्ड वहिनीने काढून टाकलं. पत्ते खेळायला मूळ जोडणी पुरते.

सोमवारी दुकान उघडलं. कुणाचा तरी मॉनिटर दुरुस्तीला आला होता. वहिनीने तो जोडला आणि रंग तपासायला नेहमीचा फोटो उघडला. एरवी माझी पाठ तिकडे असते. त्या दिवशी मी मुद्दाम मागे गेले.

पिवळी भिंत, निळी बादली, दोरीवर लाल चादर. हे आमच्याच घराचं मागचं अंगण. आणि भिंतीवर, उतरत्या उन्हात लांब झालेली, फोटो काढणाऱ्या माणसाची सावली. दोन्ही कोपर वर उचललेले. डावा खांदा खाली आलेला.

दादाचा एकट्याचा असा फोटो आमच्याकडे नाही. दुसऱ्यांचे काढायचा, स्वतः कधी उभा राहायचा नाही.

“वहिनी,” मी म्हटलं.

ती पडद्याकडेच बघत होती. “तू कधी बघितलंच नाहीस,” ती म्हणाली. रागाने नव्हे. “मला वाटायचं, एक दिवस तुझी तूच बघशील.”

म्हणजे ती दगड रोज सकाळी शटर वर करून पहिलं काम हेच करत होती. मी दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघी त्या सावलीकडे बघत राहिलो.

पुढे कुणीतरी गिऱ्हाईक आलं. काउंटरवर बोटं वाजवली, हाका मारल्या, दोनच कागदांची झेरॉक्स हवी म्हणून ओरडलं.

“थांबा,” मी म्हटलं.